गुंजभर सोने ऐकू येईल असा डिटेक्टर: कमी बजेटमध्ये निवड कशी करावी

मेटल डिटेक्टर घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘हा किती फूट खाली जातो?’ सोने शोधायचे असेल तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. जमिनीत मोकळे सापडणारे बहुतेक सोने बारीक असते आणि बारीक कण वीतभर खाली असला तर महागडे यंत्रही त्यावरून मुकाट्याने निघून जाते. मातीच्या गोंगाटातून मोहरीएवढ्या कणाची कुजबुज ऐकवतो का, हे डिटेक्टरच्या बाबतीत बघायचे असते.

त्यासाठी एक माप आधीच ठरवून घ्या. सोनारांच्या जुन्या मापातली एक गुंज म्हणजे साधारण ०.१२ ग्रॅम. शुद्ध सोन्याची घनता १९.३ असल्याने एवढे सोने म्हणजे सव्वादोन-अडीच मिलिमीटरची गोळी, मोठ्या मोहरीएवढी. एक ग्रॅमचा तुकडा मुगाच्या दाण्याएवढा. जे यंत्र तुमच्या मातीत गुंजभर कण दोन-तीन बोटे खालून ऐकवते ते नवशिक्यासाठी पुरेसे आहे. जे ऐकवत नाही ते कितीही स्वस्त मिळाले तरी महागच पडते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. डिटेक्टर सोने ‘ओळखत’ नाही. तो जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र सोडतो, त्यामुळे धातूच्या तुकड्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तारेच्या वेटोळ्यांची चकती, परत पकडते. म्हणून तुकडा सलग लागतो. नदीच्या वाळूतली पिठासारखी सोन्याची धूळ किंवा गारगोटीत डोळ्यांना न दिसणारे विखुरलेले सोने कितीही असले तरी आवाज येत नाही. तुमच्या भागात फक्त धूळच निघत असेल तर डिटेक्टरचे पैसे वाचवा आणि वाळू धुण्याची पाटी घ्या.

पायरी १: यंत्राआधी माती बघा

जिथे फिरणार आहात तिथली दोन-तीन ठिकाणची कोरडी माती आणा. एक चांगला लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्या मातीतून फिरवा. चार-दोन काळे कण चिकटले तर माती सौम्य आहे. चुंबकावर दाट मिशा उगवल्या तर त्यात मॅग्नेटाइटची काळी वाळू भरपूर आहे. तांबडी भडक माती, जांभ्यासारखा दगड, लोखंडी खडे यांत मॅग्हेमाइट हे खनिज असते आणि ते डिटेक्टरला काळ्या वाळूपेक्षाही जास्त छळते. ओली खारट जमीन हा तिसरा प्रकार. खारे पाणी स्वतःच वीज वाहून नेते, त्यामुळे अतिसंवेदनशील यंत्र तिथे सतत किंचाळत राहते.

सौम्य ते मध्यम मातीत स्वस्त यंत्र उत्तम चालते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्यासारखी लोहखनिजाने भरलेली लाल जमीन असेल तर तेच यंत्र चालवणे म्हणजे कानाला शिक्षा.

याच टप्प्यावर परवानगीचेही बघून घ्या. अनेक देशांत जमीन एकाची आणि जमिनीतल्या खनिजावरचा हक्क सरकारचा असतो, म्हणून मालकाने हो म्हटले तरी ते पुरत नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया ही राज्ये यासाठी ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना देतात. इतरत्र नियम वेगळे आहेत. पुरातत्त्वीय जागा सगळीकडेच वर्ज्य समजा. आणि जिथे पूर्वी सोने निघाल्याची नोंद आहे अशीच जागा निवडा. सोने नसलेल्या जमिनीत सगळे डिटेक्टर सारखेच.

पायरी २: व्हीएलएफ की पल्स

सोन्यासाठीच्या यंत्रांच्या दोन मोठ्या जाती आहेत. व्हीएलएफ (‘व्हेरी लो फ्रिक्वेन्सी’) यंत्र सलग लहर सोडते आणि परत आलेल्या लहरीत काय फरक पडला ते मोजते. पल्स इंडक्शन यंत्र झटका देते, थांबते आणि धातूतला प्रवाह विझताना ऐकते. पल्स यंत्राला मातीचा त्रास कमी, मोठा तुकडा त्याला जास्त खोल ऐकू येतो. पण लोखंड आणि इतर धातू यांतला भेद त्याला नीटसा करता येत नाही, आणि मिनेलॅबचे जीपीएक्स ६००० किंवा गॅरेटचे ॲक्सिऑम अशा नावाजलेल्या पल्स यंत्रांची किंमत चांगल्या व्हीएलएफच्या कितीतरी पट असते. पहिले यंत्र व्हीएलएफच घ्यावे, हे आमचे स्पष्ट मत. अपवाद एकच, तुमची माती खरोखर भयंकर असेल तर. तेव्हा नवे व्हीएलएफ घेण्यापेक्षा मिनेलॅब एसडीसी २३००सारखे वापरलेले पल्स यंत्र शोधावे, किंवा थोडे थांबून पैसे साठवावेत.

इथे एक सापळा आहे. ‘पल्स’ म्हणून मिळणारी काही स्वस्त यंत्रे मुळात समुद्रकिनाऱ्यावर अंगठ्या-नाणी शोधण्यासाठी बनवलेली असतात. बारीक सोन्यातला प्रवाह काही मायक्रोसेकंदांतच विझतो. ही यंत्रे झटक्यानंतर ऐकायला त्याहून उशिरा सुरुवात करतात, तोवर कणाचा आवाज संपलेला असतो. शिवाय त्यातल्या बऱ्याच यंत्रांत ग्राउंड बॅलन्सची, म्हणजे मातीचा स्वतःचा संकेत शून्यावर आणण्याची, सोयच नसते. पल्स हा शब्द वाचून भुलू नका.

दुसरा सापळा जुनाच, पण अजून विकला जातो: हातात धरायची अँटेना, जी म्हणे शंभर मीटरवरून सोन्याची दिशा दाखवते. ‘लाँग रेंज लोकेटर’ या नावाने येणाऱ्या या वस्तूंना भौतिकशास्त्राचा कसलाही आधार नाही. याच कुळातले एडीई ६५१ हे ‘स्फोटकशोधक’ विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने फसवणुकीबद्दल १० वर्षांची शिक्षा सुनावली. मूळ वस्तू होती गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याचे गमतीचे खेळणे. ज्याला कॉइल नाही ते यंत्र घेऊ नका.

पायरी ३: फ्रिक्वेन्सी

व्हीएलएफ घ्यायचे ठरले की डब्यावर पहिली बघायची गोष्ट म्हणजे किलोहर्ट्झ, अर्थात सेकंदाला किती हजार लहरी. तुकडा जितका लहान तितका त्यातला प्रवाह लवकर विझतो, आणि तो पकडायला लहरही तितकीच जलद लागते. नाणी शोधणारी स्वस्त यंत्रे ५ ते ८ किलोहर्ट्झवर चालतात. ती पाच ग्रॅमचा तुकडा दाखवतील, गुंजभर कणावरून मात्र बिनबोभाट निघून जातील. नवशिक्यांचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते याच यंत्रांवर. डब्यावर ‘गोल्ड’ लिहिलेले असते, आत आठ किलोहर्ट्झ असतात.

१३ ते २० किलोहर्ट्झ हा मधला पट्टा. अर्ध्या ग्रॅमच्या वरचे तुकडे, जुनी नाणी, दागिने, सगळे थोडेथोडे जमते आणि मातीचा त्रासही बेताचा. ४० ते ७१ किलोहर्ट्झ हा खास बारीक सोन्याचा पट्टा. इथे ०.०५ ग्रॅमचे कणसुद्धा ऐकू येतात, पण काळी वाळू, खारट ओल, ‘हॉट रॉक’ म्हणजे धातूसारखे वाजणारे लोहयुक्त दगड हेही तितक्याच जोरात ऐकू येतात. उच्च फ्रिक्वेन्सी सरसकट चांगली असे समजू नका. सौम्य मातीत ती वरदान आहे, जड मातीत मधला पट्टा जास्त सुखाचा.

पायरी ४: ग्राउंड बॅलन्स नसेल तर पुढे बघायचेच नाही

मातीतले लोहखनिज स्वतःच संकेत देते. तो संकेत शून्यावर आणायचा म्हणजे ग्राउंड बॅलन्स. कारखान्यातच कायमचा ठरवून दिलेला बॅलन्स असेल तर ते यंत्र सोन्यासाठी बाद. हाताने जुळवता येणारा किंवा मातीप्रमाणे आपोआप बदलणारा, यांपैकी एक हवाच. दोन्ही असतील तर उत्तम.

जुळवायची पद्धत अशी. धातू नसलेली हातभर जागा शोधा. कॉइल जमिनीपासून साधारण ३ सेंटिमीटर ते ३० सेंटिमीटर अशी वरखाली करा. खाली नेताना आवाज वाढत असेल तर एका बाजूला, दबत असेल तर दुसऱ्या बाजूला खुंटी फिरवा, आणि वरखाली दोन्हीकडे आवाज सारखा झाला की थांबा. अनुभवी लोक किंचित ‘पॉझिटिव्ह’ ठेवतात, म्हणजे कॉइल खाली जाताना आवाज जेमतेम वाढेल असा. बारीक कण त्यात जास्त उठून दिसतो. माती बदलली, ओल बदलली, सावलीतून उन्हात आलात की पुन्हा जुळवा.

आपोआप जुळणाऱ्या यंत्राची एक खोड माहीत असू द्या. संशयास्पद जागेवरून कॉइल दहा-बारा वेळा फिरवली की ते त्या क्षीण संकेतालाच माती समजून पुसून टाकते. म्हणून संकेत आला की दोन-तीनदा तपासा आणि खोदा. किंवा यंत्रात बॅलन्स कुलूपबंद करायची सोय असेल तर ती वापरा.

पायरी ५: कॉइल

कॉइलमध्ये जेवढे शहाणपणाने पैसे घालाल तेवढे दुसऱ्या कशातच नाही. कॉइलपासून दूर जाताना तिचे क्षेत्र अंतराच्या घनाने घटते, आणि परत येणारा संकेतही तसाच घटतो. म्हणजे लहान तुकडा दुप्पट दूर गेला की आवाज जवळजवळ चौसष्टावा भाग उरतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक, कॉइल जमिनीला घासूनच फिरवायची. बोटभर वर धरली तरी बारीक सोने हातचे गेले. दोन, लहान कॉइलचे क्षेत्र एकवटलेले असते, म्हणून बारीक कण ती जास्त तेजाने ऐकते आणि एका वेळी कमी माती बघत असल्याने गोंगाटही कमी असतो. मोठी कॉइल मोठ्या, खोल तुकड्यांसाठी आणि मोकळ्या मैदानासाठी.

पहिली कॉइल लंबगोल आणि १० इंचांच्या आसपास असावी. दुसरी घ्यायची वेळ आली तर ५ ते ६ इंचांची घ्या. ती दगडांच्या फटींत आणि झुडपांच्या बुंध्याशी शिरते.

आतल्या वेटोळ्यांचे दोन प्रकार भेटतील. कॉन्सेंट्रिक कॉइल मधोमध अचूक ठिकाण दाखवते, पण जड मातीत लवकर गोंधळते. डबल-डी कॉइलचे क्षेत्र पुढून मागे पातीसारखे असते; माती तिला कमी त्रास देते. मातीबद्दल खात्री नसेल तर डबल-डी घ्या.

कॉइलखालचे प्लास्टिकचे आवरण जरूर लावा, पण रोज काढून झटका. त्यात साचलेली काळी वाळू कॉइलबरोबरच फिरते आणि दिवसभर खोटे संकेत देते. यंत्र बिघडले म्हणून परत करणाऱ्यांपैकी काहींचा बिघाड एवढाच असतो. दांड्यावर वायर घट्ट गुंडाळलेली हवी. ती हलली की आवाज येतो.

पडद्यावरच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा

फारसा नाही. अनेक यंत्रे धातूच्या अंदाजाचा एक आकडा पडद्यावर दाखवतात. बारीक सोन्याचा आकडा ॲल्युमिनियमचा चांदीसारखा कागद, डब्यांच्या कड्या आणि शिसे यांच्याच पट्ट्यात पडतो. हा कचरा ‘बंद’ केला की सोनेही बंद होते. त्याहून वाईट म्हणजे लोखंडी मातीत खोल असलेला कण कधी कधी लोखंड म्हणूनच दिसतो. त्यामुळे सोने शोधताना यंत्र ‘ऑल मेटल’वर, म्हणजे कोणताही धातू न वगळता, ठेवून आवाजाने काम करायचे आणि शंका येईल ते खोदायचे. खिळ्यांनी भरलेल्या जुन्या वस्तीजवळ लोखंड वेगळे सांगणारी सोय उपयोगी आहे. ती यंत्रात असावी, पण तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

थ्रेशोल्ड जुळवता येणारे यंत्र मात्र आवर्जून बघा. थ्रेशोल्ड म्हणजे मागे सतत चालू असलेला बारीक गुंजारव. तानपुऱ्यासारखा तो एकसारखा चालू असतो, म्हणून त्यातला जरासा चढ किंवा खंड कान लगेच टिपतो. गुंजभर सोने ‘टुंग’ असे वाजत नाही, ते त्या सुरात एक हलकीशी लाट उठवते.

पायरी ६: नावे

आता प्रत्यक्ष यंत्रे. दर्जाला धक्का न लावता बजेटमध्ये बसतील अशी मोजकीच आहेत, आणि त्यातली काही जुनी झाली म्हणूनच परवडतात.

फिशर गोल्ड बग २ हे ७१ किलोहर्ट्झचे, पडदा नसलेले, खुंट्या फिरवून चालवायचे यंत्र. बारीक सोन्यासाठी आजही याचे नाव आदराने घेतात. मातीसाठी तीन पातळ्यांचे बटण आहे, ग्राउंड बॅलन्स पूर्णपणे हाताने. शिकायला वेळ लागतो, पण हे यंत्र शिकलेल्याचा कान तयार होतो. पाण्यात पेटी बुडवायची नाही.

मिनेलॅब गोल्ड मॉन्स्टर १००० याच्या अगदी उलट. ४५ किलोहर्ट्झ, ग्राउंड बॅलन्स आपोआप, सेन्सिटिव्हिटीही (संकेत पकडण्याची तीव्रता) हवी तर आपोआप. ५ इंची गोल आणि १० बाय ६ इंची लंबगोल अशा दोन कॉइल त्याला मिळतात. ज्याला खुंट्यांची भीती वाटते त्याने हे घ्यावे. हाताने बॅलन्स करता येत नाही, हा त्याचा उणेपणा अवघड मातीत जाणवतो.

गोल्डमास्टर २४के ४८ किलोहर्ट्झचे. ते मूळचे व्हाइट्स कंपनीचे. ती २०२० मध्ये बंद पडली आणि गॅरेटने हे यंत्र पुन्हा बाजारात आणले. आपोआप बॅलन्स आणि तो कुलूपबंद करण्याची सोय, दोन्ही आहेत. सरळ सोन्यासाठी घ्यायचे तर आमचा कल इकडे. नोक्टा मॅक्रोचे गोल्ड क्रूझर ६१ किलोहर्ट्झचे आणि ५ मीटरपर्यंत पाण्यात बुडणारे. ओढ्यात उतरून काम करणाऱ्यांनी ते बघावे.

मधल्या पट्ट्यात फिशर गोल्ड बग प्रो आहे, १९ किलोहर्ट्झचे. हलके, एका ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे, आणि पडद्यावर मातीतल्या लोहखनिजाचे प्रमाण दाखवणारे. गॅरेट एटी गोल्ड १८ किलोहर्ट्झचे, ३ मीटरपर्यंत पाण्यात चालते. ही दोन्ही अर्ध्या ग्रॅमच्या वरच्या सोन्यासाठी आणि इतर शोधासाठीही चांगली.

एकाच यंत्राने सगळे करायचे असेल तर मिनेलॅब इक्विनॉक्स ८०० किंवा ९००. नाव नीट वाचा: गोल्ड मोड आणि २० व ४० किलोहर्ट्झ फक्त ८०० आणि ९०० मध्ये आहेत, ६०० आणि ७०० मध्ये नाहीत. दिसायला जोड्या सारख्याच, म्हणून चुकीचा डबा घरी येतो.

पायरी ७: वापरलेले यंत्र घेताना

थोडक्या पैशांत चांगले यंत्र मिळवायचा हाच खरा रस्ता. डिटेक्टरमध्ये झिजणारे भाग कमी असतात, आणि बरीच यंत्रे चार रविवार फिरून कपाटात पडलेली असतात. तपासणी मात्र चिवटपणे करा, अर्धा तास द्या.

बॅटरीची पेटी उघडा. स्प्रिंगवर हिरवट किंवा पांढरी पावडर असेल तर आतही पाझरले असण्याची शक्यता धरा. कॉइलचे दोन कान, जिथे प्लास्टिकचा बोल्ट बसतो, तिथे केसाएवढी चीर आहे का बघा. मग यंत्र सुरू करून कॉइलजवळची आणि पेटीजवळची वायर हळूहळू वाकवा. आवाज खरखरला तर वायर आतून तुटत आली आहे. कॉइलला तळहाताने हलके थापटा. चांगली कॉइल गप्प राहते. वीस-पंचवीस मिनिटे यंत्र चालूच ठेवा, कारण काही दोष यंत्र तापल्यावरच उघड होतात. हे सगळे विजेच्या तारा, वायफाय आणि मोबाईलपासून दूर करा. नाहीतर चांगल्या यंत्राला नाव ठेवाल.

शेवटी गुंजेची कसोटी. सोन्याचा कण जवळ नसेल तर शिशाचा छर्रा चालतो, कारण बारीक शिसे डिटेक्टरला बरेचसे बारीक सोन्यासारखेच ऐकू येते. २.८ मिलिमीटर व्यासाचा छर्रा भरतो ०.१३ ग्रॅम, म्हणजे जवळपास गुंजच. २ मिलिमीटरचा भरतो जेमतेम ०.०५ ग्रॅम. दोन्ही प्लास्टिकच्या जुन्या कार्डावर वेगवेगळे चिकटवून बरोबर न्या. उच्च फ्रिक्वेन्सीच्या यंत्राने मोठा छर्रा हवेत चार-पाच सेंटिमीटरवरून स्पष्ट ऐकवला पाहिजे. हवेतली ही चाचणी मातीतल्या खोलीचा दाखला नाही. यंत्र जिवंत आहे एवढेच ती सांगते.

मिनेलॅबसारख्या नामांकित यंत्रांच्या नकला बाजारात आहेत. किंमत अविश्वसनीय वाटली तर अनुक्रमांक कंपनीकडे विचारून घ्या, आणि विक्रेता अनुक्रमांकाचा फोटो द्यायला कां-कू करत असेल तर तिथेच नमस्कार करा. बंद पडलेल्या कंपनीचे यंत्र स्वस्त मिळते, पण कॉइल फुटली तर नवी मिळेल का, हे आधी शोधा.

सगळे पैसे यंत्रात घालू नका

शंभरातले सत्तर यंत्राला, तीस बाकीच्या सामानाला. हेडफोन पहिला. उघड्या स्पीकरवर वाऱ्यात गुंजभर सोने ऐकू येत नाही. वायरचा घ्या, साध्या ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो, तोवर कॉइल पुढे गेलेली असते आणि तुम्ही भलतीकडे खोदता. यंत्राचे छिद्र ६.३५ मिलिमीटरचे आहे की ३.५, हे बघूनच घ्या.

दुसरा टिकाव. छोट्या खुरप्याने कडक मुरूम फुटत नाही, मनगट मात्र दुखते. टिकावाच्या पात्यावर एक ताकदवान चुंबक चिकटवा, खिळे आणि पत्र्याचे तुकडे तोच उचलेल. प्लास्टिकचा चमचा-स्कूप तिसरा. तो धातूचा अजिबात नको. पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात कण नेमका कुठे आहे ते दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, नंतर घेतला तरी चालेल, कारण कमी फ्रिक्वेन्सीचे पिनपॉइंटर बारीक सोन्याला बहिरे असतात. झाकणाची एक छोटी बाटली, चिमटा, भिंग. झाले.

पहिले दहा तास

बागेत किंवा मोकळ्या जागी धातू नसलेला तुकडा शोधून छर्ऱ्यांची कार्डे एक, तीन आणि पाच सेंटिमीटरवर पुरा आणि जागा खुणावून ठेवा. बॅलन्स करा. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर नेऊ नका; यंत्र बडबडायला लागेपर्यंत वाढवा, मग शांत होईपर्यंत एक-दोन घरे खाली आणा. बडबडणाऱ्या यंत्रात कुजबुज ऐकू येत नाही.

कॉइल हळू फिरवा. डावीकडून उजवीकडे जायला तीन-चार सेकंद, आणि पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. झोक्याच्या टोकाला कॉइल वर उचलली जाते, ही जवळजवळ प्रत्येकाची चूक. अंगठी, घड्याळ, लोखंडी टोपणाचे बूट काढून ठेवा, टिकाव पाठीमागे.

मग त्याच जागी ‘हॉट रॉक’ची ओळख करून घ्या. काही लोहयुक्त दगड धातूसारखे वाजतात. कॉइल थोडी वर उचलली की त्यांचा आवाज बऱ्याचदा झटकन मावळतो किंवा पसरट होतो. असे चार दगड घरी आणून ठेवा आणि रोज त्यांच्यावरून कॉइल फिरवा.

खड्ड्यातून कण काढणे

संकेत आला. आधी पायाने वरची दोन सेंटिमीटर माती बाजूला सारा आणि पुन्हा ऐका. संकेत हलला तर तो पृष्ठभागावरचाच आहे. तिथेच राहून तीव्र झाला तर खोदा. खड्ड्याच्या तळाशी कातळ लागला तर त्याच्या भेगा खरवडून घ्या, जड सोने तिथेच जाऊन बसते.

संकेत खड्ड्यातून गेला म्हणजे कण बाहेरच्या मातीत आहे. ती माती थोडीथोडी स्कूपमध्ये घेऊन जमिनीवर आडव्या ठेवलेल्या कॉइलवरून फिरवा. आवाज आला की स्कूपमधली निम्मी माती हातात ओता आणि दोन्ही निम्मे वेगवेगळे तपासा. ज्यात आवाज आहे ते पुन्हा निम्मे करा. चिमूटभर उरले की ती माती कॉइलच्या पाठीवर कणाकणाने सोडा; धातू पडताच टिक वाजते. खड्डा बुजवूनच उठा.

वाजलेला कण चुंबकाला चिकटला तर लोखंड. नाही चिकटला तर भिंगाखाली ठेवून सुईने दाबा: सोने दबते, फुटत नाही, आणि सावलीत नेले तरी त्याचा पिवळा रंग तसाच राहतो. पायराइट हे सोन्यासारखे दिसणारे खनिज दाबल्यावर तुटते. अभ्रक चमकते, पण त्याने डिटेक्टर मुळात वाजतच नाही. शिसेही सोन्यासारखेच दबते, म्हणून मातीने माखलेल्या कणाबद्दल शंका असेल तर तो पांढऱ्या कागदावर घासा. शिशाची करडी रेघ उमटते.